कच्चा लिंबू आणि आपलं मैदान
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, राजोडी येथे केलेलं भाषण)



समितीने मला विषय दिला, ‘मुलांना भावनिक कौशल्यं कशी शिकवावीत’. नाव भारदस्त आहे. मी मानसशास्त्रज्ञ नाही. बत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर होते. रडणं, रुसणं, चावणं, पेन्सिली पळवणं हे सगळं रोज पाहिलं. त्या भांडवलावर बोलते. आपल्या बाई आणि सर समोर बसलेत, तेव्हा चुकलं तर इथेच कान धरतील.

आधी एक विचारते. तुमच्यापैकी कच्चा लिंबू कोण कोण होतं? हात वर करू नका, मला सगळे माहीत आहेत.

कच्चा लिंबू ही व्यवस्था आपल्याला कुणी शिकवली? कुणीच नाही. आई वाडीत कामाला, आजी बाजाराला, म्हणून मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच लगोरीला यायची. त्याला बाहेर बसवलं तर तो भोकाड पसरणार, आत घेतलं तर डावाचा विचका. मग मुलांनीच तोडगा काढला. तो पळेल, ओरडेल, पण बाद होणार नाही आणि त्याच्यावर राज्य येणार नाही. दुबळ्याला सामावून घ्यायचं आणि खेळही मोडू द्यायचा नाही, हे मोठ्यांच्या सभांनाही नेहमी जमत नाही. पुढे एक दिवस तोच पोरगा पाय आपटून म्हणायचा, ‘मी आता कच्चा लिंबू नाही!’ त्या दिवसापासून हरण्याची जबाबदारी त्याची. ती त्याने स्वतः मागून घेतलेली असायची.

विषअमृत आठवा. विष मिळालं की पुतळा होऊन उभं राहायचं. अंगात पळण्याची खुमखुमी, तरी जागचं हलायचं नाही. कुणीतरी स्वतः पकडलं जाण्याचा धोका पत्करून येईल आणि ‘अमृत’ देईल, याची वाट पाहायची. ज्याने सोडवलं तो आठवडाभर लाडका. टाइमप्लीज म्हटलं की पाठलाग थांबलाच पाहिजे, मग पळणारा कितीही आवडीचा शत्रू असो. कट्टी घेतली तर ती बोट दाखवून, जाहीरपणे, आणि मिटवायचीही जाहीरपणेच. आज मोठी माणसं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडतात, आणि कट्टी नेमकी कशावरून हे दुसऱ्याला वर्षभर कळत नाही.

सांगायचं हे, की भावनिक कौशल्यं हा काही परदेशातून आलेला नवा विषय नाही. वाट पाहणं, हरणं, राग गिळणं नव्हे तर राग सांगणं, दुसऱ्याला सोडवायला धावणं, हे सगळं आपल्या खेळांच्या नियमांत होतं. नवीन झालंय ते एवढंच, की ज्या परिस्थितीत ते आपोआप शिकलं जायचं ती आता उरलेली नाही. मुलाच्या दिवसात शाळा, शिकवणी आणि मोबाईल. खेळ असलाच तर फी भरून, एकाच वयाच्या मुलांबरोबर, आणि शिट्टी घेतलेल्या प्रशिक्षकासमोर. क्रिकेटच्या शिबिराला माझा विरोध नाही, माझा नातूही जातो. पण तिथे कच्चा लिंबू नसतो. शिट्टी वाजली की भांडण संपतं, मिटत नाही. मिटवण्याचा सराव कुणाचाच होत नाही.

आपोआप होईनासं झालेलं मुद्दाम करावं लागतं. ते करून दाखवणाऱ्या दोघीजणी आपल्याच जिल्ह्यात होऊन गेल्या. विरारहून घोलवडला उतरलं की बोर्डी. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, मॉन्टेसरी पद्धत त्यांच्या हाताखालची. पण मॉन्टेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? मग शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, कारण कडेवर भावंडं आणि मागे गुरं. तर शाळाच मुलांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुरांमागे कुरणावर गेली, ती कुरणशाळा. आज देशभर ज्या अंगणवाड्या दिसतात, त्या कल्पनेचं एक मूळ आपल्या पालघर जिल्ह्यात आहे, हे आपल्या मुलांना सांगतो का आपण? अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ शाळेच्या कपाटात असावं, एवढी विनंती आजच करून ठेवते.

त्या दोघींकडून मी घेतलं ते हे, की मुलाला आधी धाकातून मोकळं करा, त्याच्या हाताला काम द्या, शिकणं मागून येतं.

आता सजगतेबद्दल, कारण समितीने तो शब्द खास अधोरेखित केला होता. राज्यातल्या अनेक शाळांत ‘मित्र उपक्रम’ आला, त्यात मुलं रोज काही मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतात. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून आनंदाचा स्वतंत्र तास सुरू झाला. चांगलंच आहे. पण याला जादूची कांडी समजू नये. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ८० हून अधिक शाळा, आठ हजारांवर मुलं. सजगतेचे धडे घेतलेली मुलं आणि नेहमीचे धडे घेतलेली मुलं यांच्या मनःस्वास्थ्यात फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. उलट, २०११ मध्ये २१३ उपक्रमांचा आणि दोन लाख सत्तर हजार मुलांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. जिथे भावना ओळखणं, भांडण सोडवणं अशी कौशल्यं मुलांकडून प्रत्यक्ष करून घेतली, तिथे वागणं तर सुधारलंच, अभ्यासातही मुलं सरासरी ११ पर्सेंटाइलने पुढे गेली. मी शिक्षिका म्हणून याचा अर्थ एवढाच लावते : नुसतं ‘शांत बसा’ म्हणून मन शांत होत नाही.

माझ्या वर्गात मी समुद्र वापरायचे. सकाळी हजेरीला ‘हजर बाई’ म्हणायचं नाही, आपला समुद्र सांगायचा. भरती, ओहोटी, खवळलेला, निवांत. किनाऱ्यावरच्या मुलांना हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. दुसरीतला एक मुलगा चार दिवस ‘ओहोटी’ म्हणत होता. पाचव्या दिवशी शेजारच्या मुलीने स्वतःहून त्याला विचारलं, ‘पाणी कधी येणार तुझं?’ तो म्हणाला, ‘पप्पा बोटीवरून आले की.’ मी काहीच केलं नव्हतं. त्याला एक शब्द दिला होता, आणि विचारणारं कुणीतरी त्याच्या शेजारी बसलं होतं.

कृतज्ञतेचंही तसंच. ‘थँक्यू म्हण’ असं कोपराने ढोसून कृतज्ञता येत नाही. आपल्याकडे ती सणांत होती. भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेतात तो आगेरा, किंवा नारळी पौर्णिमेचा नारळ. दोन्हीकडे माणूस नाव घेऊन, हातात काहीतरी घेऊन आभार मानतो. म्हणून मी मुलांना एकच अट घालायचे. ‘देवाचे आभार, आईबाबांचे आभार’ चालणार नाही. कोणी, नेमकं काय केलं, ते सांगा. एका मुलीने खिचडी शिजवणाऱ्या ताईंना सांगितलं, ‘तुम्ही माझ्या ताटात मिरची येऊ देत नाही.’ त्या ताई पदराने डोळे पुसायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मिरच्या वेचल्या होत्या हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे ज्यासाठी मी समितीला होकार दिला त्यावर. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेच्या मैदानात पेव्हर ब्लॉक बसवायचे असा प्रस्ताव आहे. चिखल होतो, गणवेश खराब होतात, कार्यक्रमाला खुर्च्या नीट राहत नाहीत, ही कारणं खरी आहेत. पण पेव्हरवर लंगडी घालून दाखवा मला. पडलं की गुडघा फुटणार, आणि दुसऱ्याच दिवशी ‘मधल्या सुट्टीत धावू नये’ अशी सूचना फळ्यावर येणार. विटीदांडूची गल कुठे खणायची? वाड्या विकल्या जातायत, सुरूच्या बनात शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या. राजोडीतल्या मुलांसाठी मातीचा तेवढा एकच तुकडा उरलाय.

माझा उलट प्रस्ताव असा. पाण्याचा निचरा होईल अशी कडेने चर काढा, मुरूम-माती टाका, दोन झाडं लावा. त्याला पेव्हरपेक्षा कमी पैसे लागतील. उरलेल्या पैशांतून संध्याकाळी पाच ते साडेसहा फाटक उघडं ठेवायला एका माणसाची सोय करा. पहिलीपासून दहावीपर्यंतची मुलं एकत्र येऊ देत. शिकवायला कुणी नको. आपण निवृत्त झालेले आठ-दहा जण आळीपाळीने पायरीवर बसू, पाणी आणि चिकटपट्टी घेऊन. भांडण झालं तर लगेच उठायचं नाही, एवढाच नियम आपल्यासाठी.

चहानंतर वर्ग सातवी ‘अ’ मध्ये बैठक आहे, ठराव तिथेच मांडला जाईल. पहिल्या आठवड्याचा सोमवार आणि गुरुवार मी घेते. बाकीचे वार रिकामे आहेत, कागद दाराशी लावलाय.