डोकं दुखत नसतं त्या दिवशी



अर्धशिशी आपल्या घरांना नवी नाही. सुंठेचा लेप, कपाळाला करकचून बांधलेलं फडकं, खिडक्या लावून केलेला अंधार. ठणका सुरू असताना ‘जरा चालून ये, बरं वाटेल’ असं कुणी म्हणालं, की जीव नकोसा होतो. तो राग रास्तच आहे. चालल्यानं, जिना चढल्यानं वाढणं ही अर्धशिशीची खूणच आहे. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्यावी आणि पडून राहावं. व्यायाम करायचा तो डोकं दुखत नसतं त्या दिवशी, आणि नेमका त्याच दिवशी तो आठवत नाही!

असा व्यायाम खरंच उपयोगी पडतो का, हे पाहायला स्वीडनमध्ये गोथेनबर्गला अर्धशिशीच्या ९१ रुग्णांचे तीन गट केले होते. एक गट आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं सायकल चालवी, दुसरा स्नायू सैल सोडायला शिके, तिसरा झटके टाळण्यासाठीची टोपिरामेट ही गोळी घेई. २०११ साली निष्कर्ष आले. तिन्ही गटांत झटके कमी झाले, त्यात फारसा फरक नव्हता. दुष्परिणामांच्या तक्रारी मात्र फक्त गोळीवाल्यांच्या होत्या.

दिल्लीच्या ‘एम्स’नं २०२० साली योगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधं चालू ठेवून एका वेळी तासभर आसनं, प्राणायाम. पहिला महिना शिक्षकासमोर आठवड्यातून तीन दिवस, पुढे दोन महिने घरी पाच दिवस. योग करणाऱ्यांची डोकेदुखी महिन्याला सुमारे नऊ वेळांवरून पाचाच्या आत आली, गोळ्याही जवळजवळ निम्म्या झाल्या. नुसत्या औषधांवर असलेल्यांना इतका उतार पडला नाही. आपण योग करतोय हे रुग्णांना ठाऊक होतं, म्हणजे थोडा वाटा विश्वासाचाही असेल. असू दे की! पण दोन्ही गट मिळून १६० जणांपैकी शेवटपर्यंत टिकले ११४. घरी सतरंजी अंथरणं हेही एक अवघड आसनच.

चतुर्थी धरायची आणि त्याच सकाळी रिकाम्या पोटी टेकडी चढायची, असं मात्र करू नका. उपास, ऊन, कमी पाणी आणि एकदम दमछाक, यांतलं प्रत्येक अर्धशिशीला आमंत्रण देतं. आधी दहा मिनिटं रमतगमत चाला, मग वेग वाढवा. रात्री आडवं झाल्यावर कपाळ, जबडा, खांदे क्रमानं आवळून सोडून बघा. दिवसभर दात किती घट्ट मिटले होते, ते तेव्हा कळतं.

चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. आणि पूर्वी कधीच नव्हतं इतकं डोकं अचानक दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हात वा पाय लुळा पडला, तर तडक रुग्णालय गाठा.