यकृताचा दीर्घ संसर्ग आणि प्रतिकारशक्तीचे अकाली वार्धक्य



कावीळ झाली म्हणजे डोळे पिवळे होतात, हे खेड्यापाड्यांतही सर्वांना ठाऊक आहे. परंतु हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना ‘बी’चा, तर ५ कोटी लोकांना ‘सी’चा असा दीर्घ संसर्ग होता. त्यातून यकृत निबर होते, प्रसंगी कर्करोगही उद्भवतो. याखेरीज आणखी एक हानी होते, ती म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे अकाली वार्धक्य.

छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत ‘टी’ पेशी परिपक्व होतात. तारुण्यानंतर ही ग्रंथी आक्रसत जाते व नव्या पेशींचा पुरवठा घटतो. वृद्धापकाळी शरीराची भिस्त जुन्या पेशींवरच राहते. दीर्घ संसर्गात हीच अवस्था लवकर येऊ लागते. विषाणू हटत नसल्यामुळे या पेशींना वारंवार विभाजन पावावे लागते आणि त्यांच्या गुणसूत्रांची टोके आखूड होत जातात. अखेर पेशी जिवंत राहते, पण तिचे विभाजनाचे सामर्थ्य संपते. शिवाय ती दाह वाढविणारी द्रव्ये स्रवत राहते. विश्रांतीविना पहारा देणाऱ्या पहारेकऱ्यासारखी काही पेशींची गत होते. समोर शत्रू दिसूनही त्या निष्क्रिय राहतात. ‘सी’च्या अनेक रुग्णांमध्ये लशीचा परिणामही क्षीण आढळतो.

सुदैवाने ‘सी’वर प्रभावी गोळ्या उपलब्ध असून बहुधा १२ आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. ‘बी’चा विषाणू औषधांनी आटोक्यात ठेवता येतो. मात्र विषाणू गेला तरी प्रतिकारशक्तीची झालेली झीज पूर्णतः भरून येतेच असे नाही. ज्यांचे यकृत आधीच निबर झाले आहे, त्यांना पुढेही नियमित तपासणी करून घ्यावी लागते. म्हणूनच निदान जितके लवकर, तितका लाभ अधिक.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधोपचार विनामूल्य आहेत. जन्मतः ‘बी’ची लागण झालेल्या दर दहा बालकांपैकी सुमारे नऊ जणांत संसर्ग कायमचा ठरतो, प्रौढांत हे प्रमाण शंभरात पाचांहूनही कमी आहे. यास्तव बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस मिळणे अगत्याचे आहे.

एका पंगतीत जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने हे विषाणू पसरत नाहीत; दूषित सुया, सामाईक वस्तरे आणि जत्रेतील गोंदण्याच्या सुया यांपासून मात्र धोका संभवतो. ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत सांगितली, तर भीतीपोटी लपून राहिलेला रुग्ण शरीर थकण्यापूर्वीच दवाखान्याची पायरी चढेल.