घरातल्या देण्याचा हिशोब

(शताब्दी सप्ताहात चौथ्या दिवशी सायंकाळी झालेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे.)





मंडळींनी मला सांगितलं की, महाराज, तुम्ही शंभर वर्षांच्या वाटचालीवर बोला. आता वाटचालीवर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते इथं पुष्कळ बसलेत. मी चौथी शिकलेला माणूस. शेत, जनावरं आणि टाळ-वीणा एवढंच मला कळतं. म्हणून मी आज दिंडीच्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे, ती म्हणजे दिंडीची वही.

आपल्या दिंडीच्या जुन्या वह्या ट्रंकेत आहेत. 1957 सालाच्या आधीच्या वह्यांत आणे-पै लिहिलेत. तांदूळ किती, डाळ किती, गूळ किती, बैलगाडीचं भाडं किती. पुढं बैलगाडी गेली, ट्रक आला. विहिरीचं पाणी गेलं, टँकर आला. चूल गेली, गॅस आला. पण वही बंद पडली नाही. कुणी किती भिशी दिली, कुणाची राहिली, कुठल्या गावानं पंगत दिली, सगळं लिहिलेलं आहे. आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की परतायच्या आधी सगळ्यांच्या देखत हिशोब वाचायचा, हा आपला रिवाज आहे. अंगठा उठवणारी म्हातारीसुद्धा विचारते, "का रे, गुळाचं इतकं कसं झालं?" आणि वही लिहिणाऱ्याला सांगावं लागतं.

शंभर वर्षं दिंडी टिकली ती भक्तीनं, ह्यात शंका नाही. पण ह्या उघड्या वहीनंही टिकली. आता मी तुम्हाला विचारतो, दिंडीत वीस दिवस जो हिशोब आपण चारचौघांत वाचतो, तो घरात बाकीचे अकरा महिने का वाचत नाही?

आपल्याकडं घरातलं देणं ही झाकून ठेवायची वस्तू झालीय. बापाचं देणं पोराला ठाऊक नसतं. बायकोनं गटातनं उचललेलं नवऱ्याला ठाऊक नसतं. पोरानं हप्त्यावर मोबाईल घेतला ते दोघांनाही ठाऊक नसतं. एका छपराखाली चार माणसं आणि चौघांची चार ओझी. रात्री झोप कुणालाच नाही, आणि सकाळी चहा पिताना सगळे म्हणतात, बरं चाललंय.

ह्यावर कुणी म्हणेल, महाराज, संतांनी पैशाचा नाद सोडायला सांगितलं, तुम्ही वही उघडायला सांगता. तर मग तुकोबांचंच बघू. तुकोबांच्या घरात वाण्याचा व्यवहार होता, सावकारी होती, महाजनकी होती. दुष्काळ पडला, घरातली माणसं गेली, धंदा बसला. मग तुकोबांनी काय केलं? लोकांकडून येणं असलेल्या पैशाची खतं काढली. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट आपण सगळे सांगतो. पण नीट ऐका, बाप. तुकोबांनी येणं बुडवलं, देणं बुडवलं नाही. आणि भावाच्या वाटणीला हात लावला नाही. आधी वाटणी केली, म्हणजे आधी हिशोब केला. कुणाचं किती हे कळल्यावर मग आपलं सोडलं. ज्याला आपलं किती हेच माहीत नाही, तो सोडणार तरी काय?

दुसरी गोष्ट दामाजीपंतांची. मंगळवेढ्याला दुष्काळात पंतांनी बादशहाचं कोठार भुकेल्यांसाठी मोकळं केलं आणि विठू होऊन देवानं बिदरला जाऊन त्याची रक्कम भरली, अशी कथा आहे. आमच्यात काही जण ह्या कथेचा भलताच अर्थ घेतात. म्हणतात, देव भरेल. अरे, देवानं भरलं ते भुकेल्याच्या मुखात गेलेल्या धान्याचं. वरातीतल्या डीजेचं बिल भरायला पांडुरंग येईल, असं कुठल्या संतानं सांगितलंय?

आता आमच्या भागातल्या एका घराची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पण त्या घरानंच सांग म्हणून परवानगी दिलीय. नवरा-बायको, दोन पोरं, थोरल्याची सून. साडेतीन एकर, त्यात दीड एकर ऊस, बाकी कांदा आणि चारा. दोन गाई, एक कालवड. लेकीचं लग्न झालेलं. घरचा मालक बोलायचा बंद झाला. माळकरी माणूस, पण भजनाला येईना. पारावर बसेना. बायको घाबरली. तिनं एकादशीच्या रात्री सगळ्यांना बसवलं आणि पोराची शाळेची वही पुढं टाकली. म्हणाली, "अहो, आज किती आहे ते सगळं सांगा. मी बी सांगते."

मालकानं सांगितलं: सोसायटीचं पीककर्ज 1,60,000. बँकेत सोनं ठेवून काढलेलं 80,000. सावकाराचं 1,00,000. खताच्या दुकानची उधारी 45,000. झाले 3,85,000. मग बायको म्हणाली, लेकीच्या बाळंतपणाला मी माझ्या भावाकडून 50,000 हातउसने आणलेत, आणि गटाचे 30,000 आहेत, त्याचा हप्ता दर आठवड्याला मी दुधातनं भरते. धाकट्यानं मान खाली घालून मोबाईलचे 15,000 सांगितले. एकूण बेरीज 4,80,000.

मालकाला वाटलं आता घरात आरडाओरडा होणार. तसं काही झालं नाही. सून नवीन, बारावी शिकलेली. तिनं दोनच प्रश्न विचारले. एक, ह्यात व्याज कशाला किती? दोन, आपण वर्षाला कुणाला किती व्याज देतो?

इथं बापहो, नीट लक्ष द्या, कारण आपण सगळे इथंच फसतो. बँक म्हणते शेकडा दहा, सावकार म्हणतो शेकडा तीन. ऐकणाऱ्याला वाटतं तीन बरं. पण बँकेचे दहा वर्षाचे असतात आणि सावकाराचे तीन महिन्याचे. महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. त्या घरात सोसायटीचं एक लाख साठ हजाराचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ही सवलत आपल्या राज्यात आहे, पण मुदत चुकली की ती जाते. सोन्यावरच्या 80,000 ला वर्षाला दहाच्या हिशोबानं 8,000. आणि सावकाराच्या एका लाखाला 36,000! देणं सोसायटीचं मोठं, पण घर खात होता तो एक लाखाचा आकडा.

मग त्यांनी काय केलं? आईनं हातातल्या पाटल्या काढून वहीवर ठेवल्या. सून म्हणाली, "आत्या, विकायच्या नाहीत, बँकेत ठेवायच्या." पाटल्यांवर 60,000 मिळाले. कालवड गाभण होती, ती 40,000 ला दिली. मालकाच्या डोळ्यात पाणी आलं, कारण घरच्या गाईची होती. पण लाख रुपये सावकाराला दिले, दोन शहाणी माणसं बरोबर नेली, सही केलेला कोरा स्टॅम्प आणि चेक परत घेतला आणि पैसे पोचल्याची चिठ्ठी लिहून घेतली. वर्षाला 36,000 जात होते, तिथं आता 6,000 जाऊ लागले. 30,000 घरातच राहिले. शेत तेच, ऊस तोच. फक्त देणं एका खुंट्यावरून दुसऱ्या खुंट्यावर बांधलं.

पहिल्या हंगामात उसाच्या बिलातून खताच्या दुकानची उधारी मिटली. दुसऱ्या हंगामात मामाचे 50,000 गेले. तिसऱ्या हंगामात पाटल्या सुटल्या. आधीचं 80,000 चं सोनं अजून बँकेतच आहे. सगळं फिटलं असं मी सांगणार नाही, खोटं होईल. पण मालक भजनाला येतो आणि पखवाजाच्या शेजारी बसतो.

सावकाराबद्दल एक ध्यानात ठेवा. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे, 2014 सालचा कायदा आहे. परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला शेकडा नऊ आणि विनातारण असेल तर बारा, एवढाच दर शासनानं ठरवून दिलाय. कुणी जमिनीच्या कागदाला हात घालत असेल तर तालुक्याला सहकारी संस्थांचे सहायक निबंधक बसतात, तिथं लेखी अर्ज द्यायचा. एकट्यानं जाऊ नका, गावातली चार माणसं घेऊन जा. आपण पंढरीला एकटे जात नाही, मग कचेरीत एकटं का जायचं?

आणखी एक चाल आपल्यात आहे, नवं-जुनं करायची. मार्चअखेरीला कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणायचे, सोसायटी भरायची, परत तेवढंच उचलायचं. व्याजाची सवलत टिकते, ते चांगलं. पण मुद्दल एक रुपया कमी होत नाही. दरवर्षी नवं-जुनं करताना थोडं तरी कमी उचला. पाच हजार का असेना. झाडाची एक फांदी दरवर्षी छाटली तरी दहा वर्षांत उजेड दिसतो.

आता घरची वही कशी लिहायची ते सांगतो. फार शिकायला लागत नाही. आपल्या शेतकऱ्याचा पैसा नोकरदारासारखा एक तारखेला येत नाही. दुधाचा पगार दहा दिवसांनी, कांद्याची पट्टी बाजार असेल तशी, उसाचं बिल वर्षातनं एकदा. कायद्यानं ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे यायला पाहिजेत, पण कधी येतात ते तुम्हाला ठाऊक आहे! म्हणून त्या सुनेनं एक नेम लावला. दुधाच्या पगारात किराणा, दवाखाना, शाळा, गटाचा हप्ता. कांद्याच्या पट्टीत पुढच्या पिकाचं बी-खत, तेही रोखीनं, कारण उधारीचा भाव वेगळा आणि रोखीचा वेगळा. उसाच्या बिलाला फक्त देणं. उसाच्या बिलातनं चहासुद्धा प्यायचा नाही. हा नेम त्यांनी एकादशीसारखा पाळला.

आणि वही वाचायची दर शुद्ध एकादशीला. उपास असतो, स्वयंपाकाची घाई नसते, घर एकत्र असतं. हरिपाठ झाला की दहा मिनिटं वही. वाचणारा पोरगा किंवा सून असावी. बाईमाणसाला बाजूला ठेवून केलेला हिशोब अर्धाच असतो, कारण घरात मीठ किती लागतं ते तिलाच ठाऊक. आणि एक अट पाळा, वहीपुढं कुणी कुणाला शिवी द्यायची नाही. खरं सांगितल्यावर मार मिळाला तर पुढच्या एकादशीला कोण खरं सांगेल?

शेवटी दोन कडू गोष्टी बोलतो.

पहिली, लग्नाची. आपल्या गळ्यात तुळशीची माळ, आणि दारात कर्जाचा मांडव. मानपानाचे फेटे, दोन हजार पानं, डीजे. पाहुणे तासाभरात जेवून जातात आणि बाप पाच वर्षं फेडत बसतो. दिंडीतल्या घरांनी तरी ठरवावं की सोयरीक करताना दोन्हीकडच्यांनी खर्चाचा आकडा आधी बोलायचा.

दुसरी, आम्हा कीर्तनकारांची. वर्षश्राद्धाला मोठ्या महाराजांचं कीर्तन ठेवायचं, मोठी बिदागी द्यायची, त्यासाठी व्याजानं पैसे काढायचे, हे मी डोळ्यांनी बघतो. माउली, मी ह्या व्यासपीठावरून सांगतो, कर्ज काढून माझं कीर्तन ठेवू नका. नारळ आणि बुक्का लावा, मी येईन. मला यायला जमलं नाही तर गावातली चार टाळकरी मंडळी बसवा आणि हरिपाठ म्हणा. गेलेल्या जिवाला तेवढं पुरतं. मागं राहिलेल्यांच्या डोक्यावर व्याज ठेवून कुठल्या बापाला सद्गती वाटेल?

आणि ज्याच्या मनात आज अंधार आहे, जो ह्याच मांडवात बसलाय आणि कुणाशी बोललेला नाही, त्याला हात जोडून सांगतो. देण्यापायी जिवाचं बरंवाईट मनात आणू नकोस. दुष्काळ जाहीर झाला तर कर्जाचं पुनर्गठन होतं, हप्त्याला मुदत मागता येते, सोनं आज ना उद्या सुटतं. गेलेला माणूस मात्र परत येत नाही, आणि देणं त्याच्या पोरांच्या नावावर तसंच उभं राहतं. आज घरी गेल्यावर बायकोला जवळ बसव आणि आकडा सांग. सांगवत नसेल तर विणेकरी बाबांना सांग, मला सांग. वारीत वाटेत कुणाचा पाय मुरगळला तर आपण त्याला तिथं टाकून पुढं जात नाही. पडशी दुसरा घेतो, हात तिसरा देतो, आणि तोही पंढरीला पोचतो.

येत्या एकादशीला आपल्या दिंडीतल्या प्रत्येक घरात एक वही उघडली जावी, एवढंच मागणं पांडुरंगाच्या चरणी ठेवतो आणि थांबतो.

राम कृष्ण हरी.