मार खायची सवय होत नाही

(मंचर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

काल दुपारी गटचर्चा चालू होती. आपल्यातल्या एक ताई अगदी सहज बोलून गेल्या, "आता काही वाटत नाही हो. सवय झालीय मार खायची." शेजारच्या बाईंनी लगेच कौतुकानं म्हटलं, "लई सोशीक आहे ती." चर्चा पुढे गेली, पण ती दोन वाक्यं रात्रभर माझ्या डोक्यातून गेली नाहीत. संयोजक मैत्रिणींनी मला मुलींच्या खेळांवर बोलायला सांगितलंय. मी खेळावरच बोलणार आहे, पण एकच प्रश्न घेऊन. मुष्टियुद्ध खेळणारी मुलगी जोरदार ठोसा खाऊनही उभी राहते, ती कशाच्या बळावर?

मी मुलींना बॉक्सिंग शिकवते. नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यात हमखास विचारते, "बाई, मार खाऊन खाऊन डोकं टणक होतं का?" आईवडिलांनाही तसंच वाटतं. आखाड्यात रोज माती लागली की अंग घट्ट होतं, तसंच डोक्याचंही होत असेल, असा हिशेब. आपल्याकडे यात्रेतल्या कुस्त्या सगळ्यांनी पाहिल्यात. पण कुस्तीत पकड असते, डाव असतो, तोंडावर मारायला मुभा नसते. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर मारणं हाच खेळाचा भाग. तेव्हा हे नीट समजून घेऊ या.

आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूनं ठोसा बसला की डोकं गरकन वळतं. कवटी वळते, मेंदू जरा मागं राहतो, आणि त्या पिळात आतले तंतू ताणले जातात. माणूस क्षणभर विझतो. हनुवटीवरचा ठोसा म्हणूनच वाईट. लांब दांड्याच्या टोकाला धक्का दिल्यासारखं होतं.

मग सावरणारी मुलगी काय करते? एक, हनुवटी छातीकडे घेते. दोन, दात रबरी पट्टीवर घट्ट मिटते, कारण सैल जबडा लवकर मोडतो. तीन, तिची मान तयार असते. आम्ही मानेचे व्यायाम महिनोन्‌महिने करून घेतो. मान घट्ट असली की डोकं धडाला धरून राहतं आणि झटका एकट्या डोक्याला बसत नाही. चार, ती ठोशाबरोबर मागं सरते. बांधकामावर विटा झेलणाऱ्या बाया इथं असतील, त्यांना हे सांगायला नको. वीट हातात पडते तेव्हा आपण हात थोडे मागं घेतो, नाहीतर तळवे फुटतात. तेच तत्त्व. पोटावर ठोसा येणार असेल तर ती श्वास सोडते आणि पोट आवळते. तरीही उजव्या बरगडीखाली, यकृतावर नेमका बसला तर भली तयार खेळाडूही गुडघ्यावर येते. तिथं कुणाचं काही चालत नाही.

आणि पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिला ठोसा दिसलेला असतो. दिसला की मान आपोआप आवळते, पाय रोवले जातात. जो ठोसा दिसलाच नाही, तो हलका असला तरी आडवं करतो. दमलेल्या खेळाडूचंही तेच होतं. मान ढिली पडते, हात खाली येतात, आणि पहिल्या फेरीत जो ठोसा तिनं सहज झेलला असता, तोच तिसऱ्या फेरीत तिला पाडतो.

आता सांगा, या सगळ्यात डोकं टणक झालं कुठं? कुठंच नाही. मानेला व्यायाम देता येतो, पोटाला देता येतो, पायांना देता येतो. मेंदूला मार खायचा व्यायाम देता येत नाही. उलट एकदा जबर दणका बसलेल्या डोक्याला पुढचा दणका लवकर भोवतो. डोक्यावरच्या ठोशानं बाद झालेल्या खेळाडूला म्हणूनच काही आठवडे रिंगणात उतरू देत नाहीत. डोक्यावरचं शिरस्त्राण कातडी फाटू देत नाही, पण आतला पीळ थांबवत नाही. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरनं लिहून ठेवलं की वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेले मुष्टियोद्धे पुढे अडखळत चालतात, विसरभोळे होतात, बोलताना चाचरतात. महंमद अलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७४ मध्ये किन्शासाला दोरांना टेकून त्यानं जॉर्ज फोरमनचे ठोसे फेऱ्यांमागून फेऱ्या झेलले, आणि आठव्या फेरीत त्यालाच पाडलं. जगानं वाहवा केली. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याला कंपवाताचं निदान झालं. त्याला एकटे ठोसेच कारण होते असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या वाहवेत कुणी डोक्याचा हिशेब ठेवला नव्हता, एवढं खरं.

आता घराकडे वळू. रिंगणात समोरची मुलगी आपल्याच वजनाची असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलोचा गट वेगळा होता आणि ५४ किलोचा वेगळा. हातात जाड मोजे असतात. तीन मिनिटं झाली की घंटा वाजते आणि मिनिटभर बसायला मिळतं. पडल्यावर मारायचं नाही, पंच आकडे मोजतात. कोपऱ्यात आपली माणसं पाणी घेऊन उभी असतात, शेजारी डॉक्टर असतो. आणि ती मुलगी स्वतःच्या मर्जीनं आत गेलेली असते, मर्जीनं बाहेर येऊ शकते. पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये आणि नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये युवा गटात जगज्जेत्या झाल्या, त्या या सगळ्या व्यवस्थेच्या आधारानं.

घरात यातलं काय आहे? नवऱ्याचं वजन बाईपेक्षा जास्त. मोजे नाहीत, उलट हातात येईल ते लाकूड. चुलीपुढं पाठमोरी बसलेली असताना, झोपेत असताना, कडेवर मूल असताना फटका येतो, म्हणजे तो दिसतच नाही. दिवसभर कांदा काढून, लोकाच्या वावरात राबून ती आधीच दमलेली. पडली तर लाथ. घंटा नाही, पंच नाही. कोपऱ्यात सासू असते, ती म्हणते, "तूच काहीतरी बोलली असशील." आणि आपण अशा बाईला सोशीक म्हणतो! जागतिक विजेतीला जे शरीर पेलत नाही, ते या बाईच्या शरीरानं पेलावं अशी आपली अपेक्षा आहे.

१९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एका वृद्ध स्त्रीविषयी लिहिलं. नवऱ्यानं तिला वर्षानुवर्षं मारलं होतं. मृत्यूनंतर तिचा मेंदू तपासला, तर मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत आढळतात तसे बदल त्यात दिसले. तिनं कधी रिंगण पाहिलं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९–२१ च्या, महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींतल्या एकीनं नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. यातल्या किती जणींच्या डोक्याला मार लागला, हे आपण विचारतो का?

विचारत नाही, आणि त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. बाई सल्ला केंद्रात येते. तारखा चुकवते. आधी काय घडलं, नंतर काय, सांगता येत नाही. मध्येच चिडते, मध्येच गप्प होते. जबाब घेणारा म्हणतो, "काल एक सांगितलं, आज दुसरं, बाई खोटं बोलतेय." मैत्रिणींनो, खरं सांगते, एका बाईविषयी मीही मनात असंच म्हटलं होतं. वर्षभरानं कळलं की तिला भिंतीवर आपटलं होतं आणि तेव्हापासून तिचं डोकं सतत दुखत होतं. माझ्या एखाद्या खेळाडूनं अशी लक्षणं सांगितली असती तर मी तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. बाईला मात्र मी अर्ज नीट लिहायला सांगत बसले.

इथून पुढे नारायणगाव. विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. आपण ती अभिमानानं सांगतो. पण गोष्टीचा शेवट विसरतो. असं सांगतात की त्यांची अवस्था प्रेक्षकांच्या ध्यानात आली आणि त्यांनीच खेळ थांबवून बाईंना विश्रांती घ्यायला लावलं. मला गोष्टीतला तो भाग मोठा वाटतो. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावंतीण २००२ मध्ये गेल्या, त्या आर्थिक ओढगस्तीत. आज राज्य शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. सोसण्याचा गौरव करायला आपल्याला नेहमीच वेळ असतो, थांबवायला नसतो.

थांबवायचं कुणी, हा आपल्या कामातला अवघड प्रश्न. १९७५ मध्ये मनिलाला अलीविरुद्ध जो फ्रेझर चौदा फेऱ्या लढला. डोळा सुजून मिटला होता, तरी त्याला पंधरावी खेळायचीच होती. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. आपण बाईच्या वतीनं असं थांबवायचं का? मला वाटतं, नाही. नांदायचं की नाही हा निर्णय तिचा. तिच्यावर आजवर सगळ्यांनी निर्णय लादले, त्यात आपली भर नको. पण कोपऱ्यातलं माणूस आणखीही एक काम करतं. ते खेळाडूला खरं काय ते सांगतं. "तुला सवय झालेली नाही, तुला इजा होतेय," हे बाईला सांगणं आपलं काम आहे. आणि जीवावर बेतलं असेल, तर मात्र वाट पाहायची नाही.

म्हणून उद्यापासून आपल्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला तीन प्रश्न विचारू या. डोक्यावर, तोंडावर मार लागला का? कधी शुद्ध हरपली का? गळा दाबला का? यातलं एक जरी 'हो' आलं, आणि डोकेदुखी, उलटी, चक्कर, विसर, उजेड सहन न होणं असं काही असेल, तर आधी दवाखाना, मग अर्ज. गळा दाबल्याच्या खुणा अनेकदा वरून दिसत नाहीत, तरी ते जीवघेणं ठरू शकतं. तिथं लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरांना "पडले" असं सांगू नका. काय झालं ते खरं नोंदवून घ्या, तो कागद पुढे उपयोगी पडतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं, शेजारीणसुद्धा. त्याच कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक वस्तीतल्या प्रत्येकीला पाठ हवा.

आणि घंटेचं काय? २००८ साली आपल्या देशात 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली. शेजारच्या घरात मारहाणीचा आवाज आला की जाऊन बेल वाजवायची. आपल्या वाडीवर बेल नसेल, कडी तर असते. वाटीभर साखर मागायला जा, विरजण मागायला जा, पण दोघीतिघी मिळून जा. फेरी तेवढ्यानं थांबते. बाईला श्वास घ्यायला मिनिटभर मिळतं.

कालच्या त्या ताई आत्ता इथंच बसल्या आहेत. मी त्यांना सकाळी विचारलं, तुमचं नाव न घेता बोलू का? त्या "बोला" म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "डोकं दुखतं हो, दोन वर्षं झाली." जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी दवाखान्यात जाणार आहोत. आणखी कुणाला यायचं असेल तर माझ्याबरोबर चला.