गळ्यातला क्रूस



माझ्या दवाखान्यात गोळ्यांच्या बाटल्या भरायला एक ख्रिस्ती मुलगी होती. तिच्या गळ्यात चांदीचा बारीक क्रूस असे. एका जुन्या रुग्णाने मला हळूच विचारले, “डॉक्टर, हे बाहेर दिसायलाच हवं का?” मी तिला क्रूस आत घालायला सांगितले. तिने मुकाट्याने घातला. तिच्या मागच्या भिंतीवर भगवान महावीरांची तसबीर होती आणि माझ्या सदऱ्याखाली जानवे. त्यांबद्दल मला कधी कुणी विचारले नव्हते.

पुढे इंग्लंडमधल्या दोन बायकांचे खटले वाचले आणि हा प्रसंग टोचू लागला. नादिया एवेडा ब्रिटिश एअरवेजच्या काउंटरवर होत्या. गणवेशावर क्रूस दिसतो म्हणून २००६ साली त्यांना बिनपगारी घरी बसवले. त्याच कंपनीत पगडी आणि हिजाब यांना मात्र परवानगी होती. शर्ली चॅप्लिन या एक्सेटरच्या रुग्णालयात परिचारिका. १९७१पासून त्यांच्या गळ्यात साखळीतला क्रूस होता. रुग्णालयाचे म्हणणे असे, की बिथरलेला रुग्ण साखळी ओढील किंवा लोंबता क्रूस उघड्या जखमेला लागेल.

स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी दोन्हींचा निकाल एकत्र दिला. एवेडा जिंकल्या, चॅप्लिन हरल्या. कंपनीची प्रतिमा हे कारण न्यायालयाला अपुरे वाटले. रुग्णाची सुरक्षितता पुरेशी वाटली.

ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद होता, की क्रूस घालावा अशी ख्रिस्ती धर्माची आज्ञाच नाही. न्यायालयाने तो मानला नाही. आज्ञा नसली तरी श्रद्धेशी त्या कृतीचे जवळचे नाते असले म्हणजे पुरे. मला हे पटते. रोमन लोक ज्यावर गुन्हेगारांना हालहाल करून मारीत, तो क्रूस ख्रिस्ती माणूस गळ्यात घालतो, कारण त्याच्या लेखी ती तारणाची खूण आहे. आज्ञेवाचून, आपण होऊन घातलेली खूण कमी मोलाची कशी?

डॉक्टर म्हणून मी चॅप्लिनबाईंच्या रुग्णालयाच्या बाजूने आहे. पण माझ्या दवाखान्यात ना जखम होती, ना ओढणारा हात. होती ती फक्त एका माणसाची नापसंती, आणि तिला मी नियमाचा मान दिला.

तुम्ही बेळगावची माणसे. दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरे कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतात, तेव्हा कसे वाटते हे तुम्हांला मी सांगायला नको. मग आपल्या दुकानात, आपल्या घरी कामाला येणाऱ्यांच्या गळ्याकडे पाहताना तेवढे आठवा.

ती मुलगी लग्न होऊन गेली. तिची माफी मागायची राहून गेली. तिच्या जागी आलेल्या मुलीला मी दोनच गोष्टी सांगतो: हात धुऊन घे, केस बांधून घे.