देवाची दिनचर्या आणि आपली

(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात, पाटणकर बाजार, लष्कर-ग्वाल्हेर येथे केलेल्या भाषणाचा पाठ)



आरोग्यासाठी नित्य पाळावयाच्या लहानसहान नियमांविषयी चार शब्द सांगावेत, अशी आपण आज्ञा केलीत. विषय साधा आहे, आणि साधा असल्यामुळेच उपेक्षित आहे. मोठ्या दुखण्याची आपण धास्ती घेतो, मोठ्या औषधावर भरवसा ठेवतो. परंतु ज्या पाच-दहा मिनिटांच्या सवयींवर आयुष्याचे बरेचसे स्वास्थ्य अवलंबून असते, त्यांच्याकडे पाहण्यास आपणांस सवड होत नाही.

आपण महाजन घराण्यांतील मंडळी. तेव्हा देवळापासूनच आरंभ करू. पहाटे काकड आरती, मग स्नान आणि पूजा, मध्यान्ही नैवेद्य, त्यानंतर विश्रांती, तिन्हीसांजेला दिवा आणि रात्री शेजारती, असा देवाचा दिवस आखलेला असतो. परमेश्वर निराकार आहे, त्याला भूक नाही, निद्रा नाही, असे आपणच म्हणतो. तरीही पूर्वजांनी त्याची दिनचर्या ठरविली, तिच्या खर्चाची तरतूद केली आणि तीत खंड पडू नये ही जबाबदारी महाजनांवर सोपविली. नैवेद्यास अर्धा तास उशीर झाला, तर आपण पुजाऱ्यांना कारण विचारतो. पण तो नैवेद्य रांधणारी घरची गृहिणी दुपारी तीन वाजता, सर्वांची पाने उचलल्यावर, निवालेले अन्न खाते, त्याचे कारण कोणी विचारीत नाही. ज्याला भूक नाही त्याचे ताट वेळेवर, आणि जिला भूक आहे तिचे अवेळी! हा विरोध दूर व्हावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

स्वतःच्या शरीराची निगा राखणे म्हणजे स्वार्थ किंवा चैन, अशी एक समजूत आपल्या घरांत रुजली आहे. आपल्या शास्त्रकारांना ती मान्य नव्हती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसराच अध्याय दिनचर्येचा आहे. रोगांची चिकित्सा पुष्कळ पुढे येते. उठण्याची वेळ, दात घासणे, अंगाला तेल लावणे, व्यायाम, स्नान यांचा विचार तेथे आधी केला आहे. व्यायामसुद्धा आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच करावा, अशी मर्यादा घातली आहे. चरकाने तर आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. पुढे १९४८ साली स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने, केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य मिळून आरोग्य होते, अशी व्याख्या केली. जुने आणि नवे येथे एकाच वाटेने चालतात.

आता आपल्या गावाकडे वळू. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून हे लष्कर वसले. दक्षिणेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनी येथील हवा अंगवळणी पाडून घेतली. मे-जूनमधील लू आणि पौषातील कडाका, दोन्ही सोसण्याच्या रीती त्यांनी शिकून घेतल्या. उन्हाळ्यात बाहेर पडण्यापूर्वी पाणी पिणे, डोके झाकणे, कैरीचे पन्हे, दुपारी खिडक्या लावून घेणे या रीतींमागे अनुभव होता. त्यांत आजच्या ज्ञानाची एक भर घालावी. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून वृद्धांनी तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी थोडे थोडे पाणी घ्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण वैद्यांना विचारूनच ठरवावे.

दुसरा नियम चालण्याचा. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे तरी भरभर चालण्यासारखे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास. महर्षी अण्णासाहेब कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत पायी जात, शिकवीत आणि पायीच परत येत. १८५८ साली जन्मलेले अण्णासाहेब १९६२ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी निवर्तले. चालण्यानेच ते शतायुषी झाले असे मी म्हणणार नाही. पण कार्याच्या व्यापात ज्यांना चालणे जमले, त्यांच्यापुढे आपल्या सवडीच्या सबबी टिकत नाहीत.

तिसरा नियम ताटाचा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठही त्यातच मोजावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज आहे. आपल्यापैकी कितीतरी घरे त्यांत असतील. मधुमेह्याने प्रसाद कणभर घ्यावा; कणभराने पुण्य उणे होत नाही. रात्री निजण्यापूर्वी त्याने आपली पावले उजेडात निरखावीत, कारण पायांची संवेदना कमी झाली की जखम झालेली कळत नाही. त्याच वेळी सर्वांनीच दात घासावेत. दूरदर्शन आणि भ्रमणध्वनी दूर ठेवून सुमारे सात तासांची झोप घ्यावी. देवाची शेजारती चुकत नाही. आपली का चुकावी?

चौथा नियम तपासणीचा. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही. म्हणून 'मला काही होत नाही' हे उत्तर पुरेसे नाही. वर्षातून एकदा तरी तो मोजून घ्यावा. घरातल्या स्त्रियांचा तर आवर्जून मोजावा. कारण यजमानांच्या गोळीची वेळ त्यांना पाठ असते, आणि स्वतःची तपासणी मात्र सणावारांच्या पलीकडे ढकललेली असते.

पाचवा नियम, आणि माझ्या मते सर्वांत निकडीचा, म्हणजे संवाद. आपली मुले पुणे, मुंबई, बंगळूर येथे आणि परदेशी गेली. मोठ्या घरांतून एक-दोन वृद्ध माणसे उरली आहेत. जिन्यावर दिवा नाही, हाताशी कठडा नाही, आणि दिवसभर बोलायला कोणी नाही. जिन्यावरचा दिवा आणि रोजचे दोन शब्द, हीदेखील आरोग्याचीच साधने आहेत.

सज्जनहो, हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, इतक्या क्षुल्लक गोष्टींनी काय होणार? ग्वाल्हेरकरांनी तरी ही शंका काढू नये. आपले गाव गाण्याचे. पं. कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांनी १९१४ साली येथे शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. अशा गावात रियाज म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. एका दिवसाच्या रियाजाने गळा तयार होत नाही आणि एका दिवसाच्या खाड्याने तो बिघडतही नाही. पण वर्षाच्या अखेरीस ज्याने केला आणि ज्याने केला नाही, त्यांच्या स्वरांतला फरक सर्वांना ऐकू येतो. आरोग्याच्या सवयींचेही तसेच आहे. म्हणून एकदम दहा नियम धरू नयेत. एकच धरावा, आणि तो अंगी मुरला की दुसरा.

अखेर दोन विनंत्या. पहिली, ज्या घरी नैवेद्य होतो, त्या घरी रांधणारीचे पान सर्वांबरोबर मांडले जावे. दुसरी, उत्सवाच्या वर्गणीसाठी आपल्याजवळ कुटुंबांची यादी आहेच. त्याच यादीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस आठवड्यातून एकदा कोणी करावी, हे तरुणांनी आपसांत वाटून घ्यावे. देवाच्या दिव्यात तेल आहे की नाही, हे पाहणे हा महाजनांचा पिढीजात अधिकार आहे. माणसांच्या दिव्यांकडेही त्याच दक्षतेने पाहिले जावे, एवढी प्रार्थना श्रीचरणी करून मी आपली रजा घेतो.