तेच दुःख, निराळे कथन



संकट कोसळले की मनुष्य प्रथम त्याची एक कथा रचतो. व्यापारात खोट आली, म्हणजे घराण्याला शाप आहे. मुलगा परीक्षेत नापास झाला, म्हणजे त्याच्या कपाळी विद्याच नाही. घटना घडून जाते. कथा मात्र माजघरात वर्षानुवर्षे सांगितली जाते, आणि ज्याच्याविषयी ती सांगितली जाते तोही अखेर तिच्यावर विश्वास ठेवू लागतो.

या संदर्भात आपल्याच भूमीतील धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र विचारात घेण्याजोगे आहे. १८७६ साली साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. प्रकृती अशक्त, शिक्षण तुटक, विवाह लहान वयात आणि वाट्याला आलेली जबाबदारी माडांच्या भाटाची. ऐन तारुण्यात मनाला घोर निराशेने ग्रासले. एवढ्या सामग्रीतून 'जन्म वाया गेला' अशी कथा सहज निघाली असती, आणि कोणी तिला खोटी म्हटले नसते.

अशा मनःस्थितीत 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. दुःखाला कारण असते आणि त्या कारणाचा शोध घेता येतो, ही बुद्धाची शिकवण. कोसंबींच्या परिस्थितीत त्यामुळे तसूभरही फरक पडला नाही. फरक पडला तो प्रश्नात. 'माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न मागे पडून 'हे कशामुळे?' हा पुढे आला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडत, शिकत ते पाली भाषेचे पंडित झाले. १९१० साली 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाचारण केले.

येथे मात्र थोडे थांबणे अवश्य आहे. त्यांनी घर सोडले तेव्हा पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या मागे राहिल्या होत्या. त्या घरात या प्रस्थानाची कथा कोणत्या शब्दांत सांगितली गेली असेल? 'ज्ञानाचा शोध' हे नाव तेथे क्वचितच कोणाला सुचले असेल. आपल्या दुःखाची कथा नव्याने मांडताना दुसऱ्याने सोसलेले गाळले, तर ती निव्वळ पळवाट ठरते. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मकथनात कोसंबींनी आपली निराशा आणि उणिवा झाकलेल्या नाहीत, हे त्यांचे विशेष मोठेपण.

जत्रेच्या निमित्ताने घरे भरतात, ओसरीवर जुन्या हकीकती निघतात. नापास झालेला तो मुलगाही त्या वेळी खांबाआड बसून ऐकत असतो.